विजूने टेबल खाली आणलं

विजू गेल्याचं तिच्या धाकट्या भावाने, दिलीपने, निफाडहून फोन करून कळवलं. "मंदाताई, ताई गेली. झोपेतच. लय त्रास नाय झाला." मी नाशिकहून पोचले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता, आणि आत जाईपर्यंत जो तो एकच म्हणत होता, "सुटली बिचारी." आता महिना उलटून गेला, तरी ते दोन शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत. विजया बिचारी कधीच नव्हती. आणि सुटायचं तर तिला मुळीच नव्हतं. शेवटच्या भेटीत, बोलताना धाप लागत असतानाही, ती मला बजावत होती, "त्या दवाखान्यातल्या संडासाचं दार अजून अरुंद आहे. खुर्ची आत जात नाही. मागे लाग त्यांच्या..."

लहानपणीच्या पोलिओने विजूचे दोन्ही पाय गेले होते. आधी कुबड्या, मग चाकाची खुर्ची. निफाडच्या बसस्टँडजवळ तिचा टायपिंगचा क्लास होता. मी तिथे शिकायला गेले आणि तिची मैत्रीण होऊन बाहेर पडले. खोलीभर मशिनं खडखडत असताना कोणाचं बोट चुकलं ते तिला बसल्या जागी ऐकू यायचं, आणि ती नाव घेऊन ओरडायची. पुढे टायपिंग मागे पडलं, तेव्हा तिने नाशकात सिडकोमध्ये कॉम्प्युटरचा क्लास काढला. जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांमध्ये तिचे विद्यार्थी बसलेले. ती दारात दिसली की टेबलामागचं कोणीतरी हमखास उठून उभं राहायचं.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "यांना काय होतंय?" विजू म्हणाली, "मला विचारा. पाय गेलेत, तोंड शाबूत आहे." बाई ओशाळल्या, पण तपासणी काही झाली नाही. टेबल उंच होतं. "यांना वर घेणं अवघड आहे, तूर्त गोळ्या देते." आणखी एका ठिकाणी हेच घडलं. टेबल उंच आणि गोळ्या. बाईमाणसाला जिथे तपासायचं तिथे विजूला कोणी तपासलंच नाही.

मग आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे नुकत्याच सुधारणा झाल्या होत्या. चकचकीत फरश्या, मोबाइलवर नंबर, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. स्त्रियांचा विभाग मात्र तळमजल्यावरून उचलून वर नेलेला, आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद. त्या दिवशी ती चालू होती म्हणून आम्ही वर पोचलो. नाव पुकारायला स्पीकर लावला होता. घोटीची रुक्मिणी नावाची एक बाई बाकावर तशीच बसून राहिली होती, कारण तिला ऐकू येत नव्हतं. तिचा नंबर कधीच होऊन गेला होता. तिला घेऊन विजू खिडकीपाशी गेली आणि कारकुनाला म्हणाली, "हिला हाताने खूण करायला तुमचे हात दुखतात का?"

तिच्या स्वतःच्या नंबराला दोन वॉर्डबॉय पुढे झाले. एकाने काखेत हात घातलासुद्धा. विजूने तो झिडकारला. "हात काढ. मी कांद्याची गोणी नाही. मला वर उचलू नका, टेबल खाली आणा." तरुण डॉक्टर समजुतीने म्हणाल्या, "मॅडम, मागे लाइन आहे." "मीही लाइनीतूनच आलेय, बाळा. इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे नंबर लागलाय." आणि तिने खुर्ची दारातच आडवी लावली. बाहेरच्या बायका आधी करवादल्या. मग पाय फ्रॅक्चर झालेल्या सुनेला घेऊन आलेली एक सासू म्हणाली, "बरोबर बोलते ती. माझी सून तरी कशी चढणार हाय?" तेव्हा सगळ्यांचा आवाज फिरला.

दार मोकळं झालं ते रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी बैठक बोलावल्यावर. साहेब सौजन्याने वागले. "दिव्यांगांसाठी आपण वेगळा दिवस ठेवू. महिन्यातला एखादा बुधवार." विजू शांतपणे म्हणाली, "साहेब, आजार बुधवार बघून येतो का? मला वेगळा दिवस नको. रोज सगळ्यांसाठी जे दार उघडं असतं त्याच दारातून मला आत यायचंय." कोपऱ्यात बैठकीचं टिपण घेणारी स्टेनो तिचीच विद्यार्थिनी निघाली. "लिहिलंस का हे?" विजूने विचारलं. मुलीने साहेबांकडे पाहिलं, मग विजूकडे. "हो मॅडम. शब्द न् शब्द."

तरीही सहजासहजी काही झालं नाही. रुक्मिणी घोटीहून यायची, मी सुट्टी टाकायचे, आणि आम्ही तिघी साहेबांच्या कचेरीबाहेर बसायचो. शिपाई पाणी आणून द्यायला लागला, पण टेबल येईना. विजूचं रक्त जात होतं. तिला मुंबईला नेऊन तपासू असं दिलीप काकुळतीने म्हणाला, तर म्हणाली, "मी मुंबईला जाईन रे. रुक्मिणी कुठे जाईल?" तो तिच्यावर चिडला. मीही चिडले होते.

शेवटी स्त्रियांचा विभाग खाली आला. पायाने दाबलं की खाली येणारं टेबलही आलं. त्यावर विजू हातांच्या जोरावर स्वतः सरकली, कोणाचाही हात न लागता. तपासणी झाली आणि गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. त्याच तरुण डॉक्टर म्हणाल्या, "आधी तपासलं असतं तर..." विजू म्हणाली, "वाक्य पुरं करा." डॉक्टरांचे डोळे भरले होते, पण त्यांनी पुरं केलं. "तर बहुतेक बरं करता आलं असतं." "हेच पुढच्या बैठकीत बोला. अर्ध्यात सोडू नका."

तेव्हा ती सुटली असं मला कोणी सांगू नये. रोगाने ती गेली हे खरं, पण त्या रोगाला वाढायला सवड एका उंच टेबलाने दिली, आणि ते टेबल माणसांनीच विकत घेतलेलं होतं.

परवा रुक्मिणीला घेऊन त्या विभागात गेले. तिथे बाकांच्या रांगेत मधलं एक बाक नाही. विजूनेच ते काढायला लावलं होतं, खुर्चीवरच्या माणसाने कडेला न राहता रांगेत बसावं म्हणून. उपचारांच्या दिवसांत ती तिथे ऐसपैस बसायची, शेजारणींशी भाज्यांपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर वाद घालत. त्या मोकळ्या जागेत आता औषधांचे खोके रचून ठेवले होते. मी एक खोका उचलला. तिथल्या सफाईवाल्या मावशी लगबगीने आल्या. "राहू द्या ना बाई, तिथं कुणी बसत नाय."

"बसतात," मी म्हटलं, आणि दुसऱ्या खोक्याला हात घातला. रुक्मिणीने काही न विचारता तिसरा उचलला.