सावनेरच्या लॉर्डचं खानदान

कुत्र्याचं खानदान शोधायला निघालं की खानदान राहतं बाजूला, आणि किस्सेच पिलांसारखे वाढत जातात! एकोणीसशे सत्तरच्या आसपास आम्ही तिघं नागपुरात हाच उद्योग करत होतो. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेला बंडूभाऊ, जनावरांचे डॉक्टर इंगोले, आणि शाळेत चित्रकला शिकवणारा मी.

सुरुवात झाली बंडूभाऊच्या रेशमापासून. सावनेरहून आणलेली ही सडपातळ कुत्री दुकानात ताग्यांच्या फळीखाली झोपायची. डॉक्टर एकदा शर्टपीस घ्यायला आले आणि तिला पाहून ओरडलेच, "बंडू, ही गावठी नाही! ही व्हिपेट आहे! अस्सल विलायती!"

शेजारच्या गिऱ्हाइकाने कान टवकारले. "व्हिपेट? नवीन माल आला का? दोन मीटर फाडा!"

*

डॉक्टर म्हणाले, या जातीची कातडी पातळ, थंडी सोसत नाही. झालं! डिसेंबरात बंडूभाऊची रजई रेशमाला गेली. तो कुरकुरला, तर शालूवहिनी म्हणाल्या, "तिचं खानदान विलायती हाय. तुमचं काटोलचं. घ्या चादर!"

*

पण विलायती रक्त सावनेरला आलं कुठून? आम्ही थेट सावनेर गाठलं. तिथे वामनराव भेटले. तरुणपणी ते मँगनीजच्या खाणीवरच्या इंग्रज साहेबाची गाडी चालवायचे. साहेबाने बोटीतून व्हिपेटची जोडी आणली होती. नराचं नाव लॉर्ड.

"धावे कसा म्हणून सांगू! पण भुंकत नव्हता लेकाचा. चोर आला तरी असा पाहे, जसा का पाहुणाच आला!"

"लॉर्डची पिलं कोणाकडे गेली?" डॉक्टरांनी विचारलं.

वामनरावांनी साऱ्या गावावरून हात फिरवला. "कोनाकडे नाही गेली, ते इचारा!"

आणि खरंच! पारावरचं कुत्रं आळस देत उठलं. छाती खोल, पोट आत ओढलेलं, कान मागे दुमडलेले. मळका लॉर्डच! मी पेन्सिल काढतो तोच गल्लीतून तस्संच दुसरं आलं!

*

मग काय, आम्ही गावं पालथी घातली. कळमेश्वरला डॉक्टर दुकानातला टेप लावून एका कुत्र्याची छाती मापत होते. एक शेतकरी बराच वेळ बघत उभा. शेवटी त्याला राहवेना.

"काहून गा, कोट शिवून राहिले का त्याले?"

*

नागपुरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. टायवाल्या परीक्षकांनी रेशमाची पेडिग्री विचारली.

बंडूभाऊ छाती काढून म्हणाला, "माय सावनेरची. अन् बापाचं नाव साऱ्या सावनेरले माहीत हाय!"

बक्षीस नाही मिळालं. पण परीक्षकांचा हात रेशमाच्या पाठीवरून निघता निघेना!

*

गावच्या कुत्र्यांत लॉर्ड पिढीगणिक पातळ होत चालला होता. रेशमाचंही वय वाढत होतं. तिच्या तोडीचा नर मिळाला नाही तर सगळं तिच्यापाशीच संपणार, या विचाराने डॉक्टर बेचैन होते. अशात कळमेश्वरच्या पुढे एका शेतात सोनाबाईंचा बाळ्या दिसला. हुबेहूब रेशमाच, फक्त थोराड! म्हाताऱ्या सोनाबाई एकट्याच राहायच्या. त्यांना घरचं म्हणून बाळ्याच.

"मावशी, पिलांसाठी नेतो, लगेच परत आणतो," बंडूभाऊ म्हणाला.

"माहा पोरगा सासरी नाही जात. पोरगी दाखवाले आना!"

पुढच्या रविवारी आम्ही रेशमाला घेऊन हजर. कापूस वेचून रान मोकळं झालेलं. दोघांना सोडलं मात्र, सुसाट सुटली! वळणावर चारही पाय हवेत, मागे नुसती धूळ. डॉक्टर "लॉर्ड! लॉर्ड!" करत ढेकळांत नाचत होते. माझी पेन्सिल खिशातच राहिली.

सोनाबाईंनी डोळ्यावरचा हात काढला. "पसंत हाय!"

दोन महिन्यांनी रेशमाला पिलं झाली. सोनाबाईंना निरोप धाडला.

आणि ऐन लगीनसराईत, दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं असताना, डोक्यावर बोचकं घेऊन सोनाबाई दारात उभ्या राहिल्या. बोचक्यातून चिमुकली टोपडी डोकावत होती.

"माही सून कुठं हाय?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. बंडूभाऊ गादीवरून उतरला, टोपी सारखी केली आणि आतल्या दाराकडे बघून ओरडला, "शालू, पाय धुवाले पानी आन वं! विहीणबाई आल्या!"