आतल्या बाजूची कडी

"मावशी, आई नाही राह्यली..." एवढं बोलून अनिताच्या लेकीनं, प्राचीनं फोन ठेवला. कावीळ अनितानं अंगावर काढली होती, हे मला नंतर कळलं. सांगितलं असतं तर मी ओढत दवाखान्यात नेली असती. म्हणूनच सांगितलं नसणार बयेनं!

अनिता आणि मी बाभुळगावला बारावीपर्यंत एका बाकावर बसलो. तिचा बंजाऱ्यांचा तांडा गावाला लागूनच. परीक्षा जवळ आली की मी तिच्याकडे जायचे. तिचा भाऊ विजू पुढच्या खोलीत दार लावून अभ्यास करायचा आणि त्याच्या दारासमोरून सगळं घर दबक्या पावलांनी चालायचं. मी एकदा खिडकीतून डोकावले, तर पठ्ठ्या पुस्तकावर गाल टेकवून घोरत होता. आणि अनिता? चुलीपुढे. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं, हात भाकरीत आणि तोंडानं इतिहास चाललेला, मोठमोठ्यानं. आवाज जरा थांबला की अंगणातून तिची याडी, म्हणजे आई, ओरडायची, "काय करून राह्यली वं? गप्प काहून झाली?" पोरगा गप्प असला तर अभ्यास करतो, पोरगी गप्प असली तर तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय... वा रे न्याय! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती मात्र हसायची. "जाऊ दे वं, माह्यं पाठ होते ना."

पाठ झालंही होतं. बारावीला टक्के आले तर डी.एड., नाहीतर लग्न, असं तिच्या बापानं सांगून टाकलं होतं. पण तिला उत्तर आठवायचं ते तोंडावाटेच. पेपरात ती पुटपुटायला लागली. शेजारणीला सांगते आहे असं समजून सरांनी पेपर काढून घेतला. बऱ्याच वेळानं परत दिला, तेव्हा तिनं ओठ दाताखाली घट्ट धरले. बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, "तोंड बंद केलं अन् डोकंच बंद पडलं वं..." त्या वर्षी विजूही नापास झाला. त्याला यवतमाळला क्लास लावला. हिला वणीचं स्थळ आलं.

नवरा कोळसा खाणीत, घर बेताचं. तिथं तिनं आयुष्यातला एकच हट्ट केला. प्राचीच्या खोलीला आतून कडी. "पोरीले आतून कडी कायले पाह्यजे?" नवऱ्यानं विचारलं. हिनं जेवण सोडलं, तेव्हा कडी बसली. मग प्राची आत वाचत बसली की ही बाहेर एकटीच बडबडायची. तव्याशी भांडायची, दुधाला शिव्या घालायची, नसलेल्या मांजरीला हाकलायची. मी म्हटलं, "येडी झाली का तू?" तर हळूच म्हणाली, "घरात बाईचा आवाज पाह्यजे. माहा येत राह्यला, का मंग प्राचीचा कोणी विचारत नाही."

परवा वणीला गेले. प्राची यंदा बारावीला. पाहते तर पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं, हातात भाकरी आणि तोंडानं मोठमोठ्यानं जीवशास्त्र. माझं टाळकंच सटकलं. तिच्या हातातला गोळा हिसकावला. "जा आत. कडी लाव."

कडी लागल्याचा आवाज आला. घर शांत झालं... आणि लगेच पुढच्या खोलीतून तिच्या बापाची हाक आली, "गप्प काहून झाली वं प्राची?"

मी तव्याशी मोठमोठ्यानं भांडायला सुरुवात केली. दुपारच्या गाडीनं मला परत निघायचं होतं.