अत्याबाईंच्या रायफलीचं लाकूड

माझ्या सासूबाईंच्या नावावर रायफल आहे. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा दयेनं बघतात. आमच्याकडे सासूला अत्याबाई म्हणतात. या अत्याबाई म्हणजे पावणेपाच फुटांची, नऊवारीतली बाई. चहात साखर जास्त लागते आणि जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत.

घाटनांदूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं रान. हरभरा घाट्यात आला की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि खातात त्याच्या चौपट तुडवतात. त्यासाठी सासऱ्यांनी पीक-संरक्षणाचं लायसन काढलं होतं. ते गेल्यावर रायफल कुणाच्या नावावर करायची, असा प्रश्न आला. माझ्या नवऱ्याचे तर फटाक्यानंही कान बसतात. तेव्हा अत्याबाई म्हणाल्या, "करा माझ्या नावावर. त्यांच्याशेजारी बसून मीच तर शिकले." रायफल जुनी, हलकी, बारीक नळीची होती. त्यांच्या खांद्याला ती शोभायचीही.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. फॉरेस्टवाल्यांची रीतसर परवानगी होती. दिवस मावळायच्या आत अत्याबाईंनी एका डुकरावर गोळी झाडली. ते पडलं नाही. ओरडत शेजारच्या उसात शिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याच्या काठाला, करंजीखाली सापडलं. जिवंत होतं. अत्याबाई एकट्याच पुढं गेल्या आणि आणखी एक गोळी घालून त्यांनी त्याला त्या यातनेतून सोडवलं. घरी आल्यावर रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत, पुढंही बरेच दिवस ताटात बोटं फिरवत बसायच्या.

"डोळं गेलं माझं," एवढंच म्हणायच्या. नवरा म्हणाला, "आई, मग ठाण्यात जमा करून टाकू." त्या "बरं" म्हणाल्या. पण त्यांचं ते "बरं" मला खटकलं.

कारण डोळे गेले नव्हते. वाटेनं लांबून कुणी येत असलं तर मला नुसता ठिपका दिसायचा आणि या म्हणायच्या, "चहा ठेव, तुझा चुलत दीर आलाय, लंगडतोय जरा." तो खरंच लंगडत यायचा.

लग्नाआधी मी वडवणीची. कॉलेजात असताना रायफल शिबिराला जायचे. तिथले उस्ताद एक गोष्ट घोकून घ्यायचे. गोळी मधोमध लागली का ते नंतर बघा, आधी गोळ्या एकमेकींजवळ लागल्या का ते बघा. ते आठवून एका सकाळी मी म्हटलं, "अत्याबाई, जमा करायच्या आधी एकदा तपासू या ना."

"काय तपासायचं गं? बंदुकीला काय धाड भरलीय?"

"तेच बघू."

टेकडीच्या पोटाशी, मागं मातीची उभी दरड आहे तिथं एक खोका ठेवला. त्यावर चुन्याचा ठिपका दिला. वाळूच्या पोत्यावर नळीखालचं लाकूड टेकवून त्यांना पालथं झोपवलं. पहिली गोळी ठिपक्याला चिकटून लागली. दुसरी वर उजवीकडे गेली. तिसरी त्याच वाटेनं आणखी पुढं. अत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, थांबा. सावलीला बसलो, पाणी प्यालो, नळी पार गार होऊ दिली. पुन्हा तसंच झालं. पहिली जवळ आणि मग त्याच वाटेनं लांब लांब. डोळे चुकले असते तर गोळ्या चारी दिशांना उधळल्या असत्या. या तर रांगेनं निघाल्या होत्या.

बंदुकांची दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रींना मी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळीखालून कागद सरकतो का?" मी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि नळी व लाकूड यांच्या फटीत कागद घातला. थोडा सरकला आणि डाव्या बाजूला अडकला. "तिथं लाकूड फुगलंय," मिस्त्री म्हणाले. "बारीक नळी, तापली की लाकडाला रेटते आणि बाजूला ढळते. लाकडाचं काम तुम्ही घरी करा. लोखंडाला हात लावू नका."

मग ओसरीवर पोतं अंथरून आम्ही दोघी बसलो. स्क्रू काढून लोखंड लाकडातून उचललं. नळीच्या पोटाला काजळ फासलं, परत बसवलं, परत उचललं. लाकूड जिथं टेकत होतं तिथं काळा डाग उमटला. रवीच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून मी तो डाग घासायचा आणि अत्याबाईंनी पुन्हा काजळ लावायचं, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेला.

पण मिस्त्रींनी आणखी एक बघायला सांगितलं होतं. नळीच्या मागचा जड भाग लाकडात जिथं बसतो, ती जागा. तिथं मी नख दाबलं तर नख आत रुतलं. लाकूड तेलानं मऊ झालं होतं.

"अत्याबाई, इथं तेल कुणी घातलं?"

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खंडेनवमीला पूजा करते तवा घालते की. ते गेल्यापासनं जरा जास्तच घालते. म्हटलं, त्यांची वस्तू हाय, सुकू नये." आणि एकदम हसायला लागल्या. "म्हंजी मीच माया लावून लावून नासवली म्हण की!" हसता हसता पदर डोळ्याला गेला. मी जवळ सरकले. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर माझ्या हाताचं काजळ त्यांच्या पातळाला लागलं.

मऊ झालेलं लाकूड खरवडून काढलं. दोन ट्यूबांतलं मिसळून होतं ते घट्ट इपॉक्सी त्या जागेत भरलं. लोखंड कायमचं चिकटू नये म्हणून त्याला आधी मेण चोळलं. स्क्रू हलक्या हातानं आवळले आणि रायफल कपाटात तशीच ठेवली. सकाळी स्क्रू काढले. लोखंड हलेचना. अत्याबाई म्हणाल्या, "असं ओढू नकू. तान्ह्याला पाळण्यातनं उचलत्यात तसं उचल." टक् करून सुटलं. खाली लोखंडाचा साचा जसाच्या तसा उमटला होता.

इपॉक्सी नीट कडक होऊ दिलं आणि मग पुन्हा टेकडीपाशी गेलो. या खेपेला खोक्यावरची भोकं एवढी जवळ होती की अत्याबाईंच्या तळहाताखाली झाकली गेली. त्यांनी बराच वेळ हात तिथंच ठेवला.

त्यानंतर हंगामभरात त्यांनी डुकरावर एकच गोळी झाडली. परवानगी होती, उजेड होता, मी शेजारी बसले होते. मोठा नर उताराला आडवा उभा राहिला. त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, झाडणारच नाहीत. मग झाडली. तो जागच्या जागी बसला आणि कलला. मी जवळ जाऊन बघितलं. अत्याबाईंनी लांबूनच हात जोडले आणि मला विचारलं, "लई त्रास न्हाई ना झाला त्याला?"

"न्हाई, अत्याबाई. काहीच न्हाई."

फॉरेस्टवाले येऊन पंचनामा करून गेले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "भाकरी टाक गं, भूक लागली." तव्याशेजारीच बसून त्या जेवल्या आणि तिथंच भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला. मी त्यांच्या अंगावर वाकळ टाकली.

डुकरं यायची थांबली नाहीत, थांबणारही नाहीत. यंदा आम्ही रानाच्या कडेनं जुनी लुगडी बांधायचं ठरवलं. वाऱ्यानं हलली की जनावरं बिचकतात. परवा अत्याबाईंनी ट्रंक उघडली. एकेक लुगडं काढून मांडीवर घ्यायच्या, घडी उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. "हे नको. हे पण ऱ्हाऊ दे." उन्हं कलेपर्यंत बांधायला एकही निघालं नाही. मग मी माझ्या साड्या आणल्या. त्यातली एक त्यांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. "ही कशाला आणलीस? ही तुला लई खुलती," म्हणाल्या आणि ट्रंकेत ठेवून दिली.