खालच्या मजल्यावर ऐकू येणारं गाणं

रोज दुपारी चार वाजले की ती ब्रश धुण्यासाठीची पाण्याची वाटी टेबलाच्या मधोमध सरकवायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. थोड्या वेळानं पाण्यावर एक वर्तुळ उमटायचं, मग दुसरं. वर्तुळं काठाला टेकून परत फिरायची, एकमेकांतून आरपार जायची, आणि मग छतातून, भिंतीतून, खुर्चीच्या पायांतून तो आवाज तिच्यापर्यंत पोचायचा. दूम, दूम, आणि जरा थांबून दु-दूम.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं बांधणीघर तळघरात होतं. कणा मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं तिथं यायची आणि ती त्यांना पुन्हा उभं करायची. खळ शिजवायची, दोऱ्याला मेण लावायची, शिवून पुठ्ठा चढवायची, दाबात ठेवायची. सगळे तिला मावशी म्हणत. खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक. तिच्या बरोब्बर डोक्यावर संगीत विभागाची मोठी खोली होती आणि तिथं मारिंबा वाजवणाऱ्या मुलामुलींची तालीम चाले. लाकडी पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळी, वाजवायला रबरी गोळ्यांच्या काठ्या. असे सात लहानमोठे मारिंबा वर होते म्हणे. तिनं पाहिले नव्हते. लहान पट्ट्यांचे बारीक सूर मधली फरशी गिळून टाकी. खाली उतरायचे ते फक्त सर्वांत मोठ्या मारिंबाचे ठोके. एकोणीस वर्षं ती त्या ठोक्यांवर पुस्तकं शिवत आली होती. सुई आत, दूम. सुई बाहेर, दूम. कधीकधी तिला वाटे, वर कुणीच नाहीये. ही इमारतच झोपेत श्वास घेतेय.

एका दुपारी एक मुलगी फाटकं पुस्तक घेऊन खाली आली. सर्वांत छोटा मारिंबा तीच वाजवायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती दारातच थबकली. मावशी पुठ्ठ्यावर घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीनं ठोके धरून बसली होती.

"मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. रोज चारला."

"अहो, आमचा मोठा मारिंबा वाजवणारा पास होऊन गेला. आता कुणी हात लावायला तयार नाही. चारच सूर, मिरवायला काही नाही म्हणतात." चिमणीनं पुस्तक टेबलावर टाकलं. "चला वर."

"मी? पुस्तकाला वाळवी लागली तरी मी वर जात नाही."

पण ती गेली. खळीचे हात पदराला पुसत जिने चढली आणि पहिल्यांदा ती खोली पाहिली. मोठा मारिंबा खाटेएवढा होता, नळ्या पिंपासारख्या. वाजवायला खोक्यावर उभं राहावं लागे. तिथं कागदावर काही लिहिलेलं नसे. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं कानानं उचलायचं. तिनं काठ्या घेतल्या आणि एकोणीस वर्षांचं सगळं एका दमात वाजवून दाखवलं. एक ठोका चुकला नाही. सर, म्हणजे त्यांचे शिक्षक, भिंतीला टेकून ऐकत होते, ते सरळ उभे राहिले.

मग बाकीचे सहा जण वाजवू लागले आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

तिला जे वजनदार पहिलं 'दूम' वाटत होतं, ते पहिलं नव्हतंच. गाणं सुरू होत होतं तिच्या थांबण्यात. ज्याला ती श्वास घ्यायची जागा समजत आली होती, तिथं चिमणीचा पहिला सूर पडत होता. फरशीनं गिळली होती ती नेमकी सुरुवातच. तिच्या हातातली काठी खाली पडली.

"ठोके सगळे बरोबर आहेत, मावशी," सर म्हणाले. "पण तुम्ही सुरुवात भलत्या ठिकाणी धरलीय."

"एकोणीस वर्षं इथूनच सुरू होतंय, सर."

"खाली," सर म्हणाले.

वर्षअखेरचा कार्यक्रम सहा आठवड्यांवर होता. सरांनी तिला खरी सुरुवात पकडायला पाच आठवडे दिले. तोवर जमलं नाही तर मोठा मारिंबा ते स्वतः वाजवणार होते. "तुम्ही खुळखुळा घ्या, तोही लागतोच," ते अगदी मायेनं म्हणाले. त्या मायेनंच तिला जास्त लागलं.

घरी थोरली बहीण होती. दोघी एकत्र राहत, एक शिवणयंत्र आणि दोन चष्मे यांच्यासह. ताईनं ऐकून घेतलं आणि दोरा दातानं तोडला.

"या वयात खुळखुळा! पाळण्यात घालू का आता? कशाला गं हात दाखवून अवलक्षण?"

"मला एकदा ते आतून ऐकायचंय, ताई. इतकी वर्षं खालून ऐकलं."

ताईनं पुन्हा यंत्र सुरू केलं. दुसऱ्या दिवसापासून डबा मात्र थोडा मोठा झाला. तालमीमुळे घरी यायला उशीर होई.

चार आठवडे गेले. एकटी असली की मावशी बिनचूक, सगळे आले की तालाचे बारा वाजले. ती मोजून पाहायची, चिमणीच्या कोपराकडे पाहायची, खरी सुरुवात पाठ करायची. पण कान आपला जुना दरवाजा सोडत नसे. रस्त्यानं जाताना, भांडी घासताना ती ते ठोके नव्या जागेवरून म्हणू पाही आणि दोन पावलांत ते परत जुन्या जागी जाऊन बसत.

पाचव्या आठवड्यात विद्यापीठाच्या अंकाचे छापील ताव बांधणीला आले. एका तावावर सोळा पानं. उघडा ताव नवख्यानं पाहिला तर भोवळ येते: एकच्या शेजारी सोळा, आणि त्यांच्या डोक्यावर आठ नि नऊ उलटे. ज्या म्हाताऱ्या बांधणीकारानं तिला हे काम शिकवलं, तो म्हणायचा, "पोरी, उघड्या तावावर पान शोधत बसू नकोस. घडी घाल. पान आपल्या पायांनी जागेवर येतं." तिनं एक घडी घातली, दुसरी घातली, आणि तिसरी घालता घालता हात थांबला. वाटीतल्या पाण्यावर वर्तुळं उमटत होती; वर सर मोठा मारिंबा वाजवून पाहत होते.

ती तशीच वर गेली.

"सर, मला एकटीला सुरू करू द्या. माझ्या जागेवरून. मग तुम्ही सगळे तुमच्या जागेवरून या. मी काही शोधणार नाही. नुसती वाजवत राहीन."

"आणि गडबडलात तर?"

"खुळखुळा आहेच की."

त्या दिवशी चारदा केलं. दोनदा जमलं, दोनदा मोडलं. सरांनी काठीचा रबरी गोळा चाचपून पाहिला. "असू द्या," ते म्हणाले. "असंच करू."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तिनं चपला काढल्या आणि खोक्यावर चढली. सभागृह मंद उजेडात होतं. दूम, दूम, दु-दूम. लोकांचे पाय हळूहळू तिच्या ठोक्यावर हलू लागले, सगळे तिच्या जागेवर, तळघरातल्या जागेवर. शेकडो माणसं जणू तिच्या टेबलाशी येऊन बसली होती. मग तिच्या श्वासाच्या जागी चिमणीचा पहिला सूर पडला.

जमीन सरकली. तिनं सरकू दिली. हात चालत राहिले, जसे तावावर चालतात, न बघता. एक मारिंबा आला, दुसरा आला, आणि एकाएकी सगळं उलगडलेलं आत वळलं, दुमडलं. तिचाच ठोका, पण आता तो कशाच्या तरी मध्ये होता. सभागृहातून एक बारीकसा हुंकार उठला. शेकडो पाय क्षणभर थांबले नि नव्या जागेवर पडले. तिच्या चारी बाजूंनी ते बारीक सूर बरसत होते, एकोणीस वर्षांचे, एकदम.

"मधेच काय केलंत गं तुम्ही सगळ्यांनी?" परतताना ताईनं विचारलं. "माझा पाय चांगला हलत होता, तो अडखळला."

"मग?"

"मग लागला परत. मला नको शिकवूस."

पुढं चार वर्षं ती मोठा मारिंबा वाजवत राहिली. दुपारी चारला वाटीकडे बघायची सवय मोडली, कारण त्या वेळी ती वर असे. पाचव्या वर्षी, परीक्षा संपल्यानंतरच्या एका रिकाम्या दुपारी, टेबलाशी बसल्या बसल्याच ती गेली. हाताखाली अर्धा दुमडलेला ताव होता. चिमणी आता विभागात शिकवत होती, घटकाभर आधी तिनंच बांधणीघराच्या दारातून डोकावून विचारलं होतं, "मावशी, येताय ना वर?"

"तू हो पुढं," मावशी मान वर न करता म्हणाली होती. "एवढी एक घडी घालते आणि आलेच."