कोलंबियाची चाल, पिंपळनेरची हळद

पिंपळनेरला जायचं ठरलं ते वसंतनानामुळे. नाना माझा चुलतभाऊ, सावद्याच्या बँडात अकॉर्डियन वाजवायचा. सत्तर सालानंतरची गोष्ट. फैजपूरच्या एका मारवाडी दुकानदाराकडे कोलंबिया देशातली तबकडी आली होती. तिथली केळीच्या मुलखातली माणसं परक्या अकॉर्डियनवर आपलीच जुनी गाणी नव्या ठेक्यात वाजवत होती. नाना त्या दुकानाच्या ओट्यावरून हलेना. म्हणायचा, "केळीवाले तेही, आपणही. मग आपली हळदीची गाणी का नाही वाजायची?"

धुळ्याच्या एका बँडमालकानं सांगावा धाडला : पिंपळनेरच्या लग्नात वाजवून दाखव, पटलं तर ठेवून घेतो. नानानं निघायच्या आधीच सावद्याच्या बँडाची अकॉर्डियन आणि लाल कोट परत केला. पाण्यात पडायच्या आधी धोतर कशाला सोडतोस, म्हटलं मी. तो हसला.

पहाटेची एस.टी., जळगावला बदलली. पारोळ्याला शेवभाजी-भाकरी. त्या वाटेनं जाल तर तिखट बेतानं मागा, रस्सा डोळ्यांतून निघतो. धुळ्यापुढं साक्रीपर्यंत नुसते खड्डे. तिकीट स्वस्त, पाठ महाग.

लग्नघरी बायका जात्यावर हळद दळत गात होत्या. नानानं मालकाची अकॉर्डियन गळ्यात घातली आणि त्यांचंच गाणं त्या कोलंबियाच्या ठेक्यात धरलं, भात्याला छोटे छोटे हिसके देत. जातं थांबलं. मग एक म्हातारी अक्का म्हणाली, "हाई ते आपलंच गानं शे." आणि बठ्ठ्या, म्हणजे साऱ्याच जणी, गाऊ लागल्या.

मालक मात्र तोंड वाकडं करून उभा. "बायकांची गाणी बायका फुकट गातात, नाना. वरातीला सिनेमाचं लागतं." अकॉर्डियन काढून घेतली. आम्ही निघताना तेवढी ती चाल नानाकडून पुन्हा वाजवून घेतली, आपल्या मेहुण्याला शेजारी बसवून. नानाला वाटलं, मन पालटलं. परतीच्या एस.टी.त तो तेच बोलत होता.

सावद्याला लाल कोट दुसऱ्याच्या अंगावर चढला होता. नाना केळीच्या वखारीत लागला, घडाला पाला गुंडाळायला.

पुढच्या लगीनसराईत धुळ्याचा तो बँड आमच्याच गावात वरातीला आला. पुढं मेहुणा, गळ्यात अकॉर्डियन, आणि तीच हळदीची चाल. पोरं धूळ उडेस्तोवर नाचली. मी पळत वखारीत गेलो. नाना ऐकत होता.

"भाता फार ओढतोय," एवढंच म्हणाला, आणि पुढचा घड जवळ घेतला.

पिंपळनेरहून मी काय आणलं, तर हे वाक्य. आजही कुठं वरात वाजली की आधी तेच ऐकू येतं.