अक्कांच्या चिंध्या

अक्कांच्या कमरेला चिंध्यांचं एक लहानसं गाठोडं कायम खोचलेलं असायचं. जुन्या लुगड्यांच्या, परकरांच्या, कधी नातवाच्या सदऱ्याच्या रंगीत पट्ट्या. बोट कापलं, काठी मोडली, टोपली उसवली, की त्यातली एक पट्टी बाहेर निघे.

अमळनेरजवळ त्यांचं विहिरीचं दीड एकर होतं. गावातली आम्ही अकरा घरं हंगामाचे पैसे मृगाआधीच देऊन ठेवायची आणि दर रविवारी मळ्यात जाऊन आपापली टोपली आणायची. पीक चांगलं आलं तर टोपली भरलेली, पावसानं झोडपलं तर सगळ्यांचीच अर्धी. टोपल्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या कडीला अक्कांनी वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. आमची निळी.

मी नुकताच शाळेत शिक्षक झालो होतो. वडील तेलाच्या गिरणीत हमाल. घरात पदवी घेतलेला मी पहिला. शेती आम्हाला नव्हतीच. तरी टोपल्या भरण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि अक्कांना शिकवायलाही लागलो. त्या दर मृगात पेरून उरलेलं बी मूठमूठ वाटून टाकत. मळ्यात आलेला माणूस रिकाम्या हातानं जातच नसे. थोडं घरात ठेवावं, असं मी एकदा समजावून सांगितलं.

त्या हसल्या. "मना घरमा उंदीर खातीन, मास्तर. लोकसना घरमा येल चढी."

घरात ठेवलेलं बी उंदीर खाणार, लोकांकडे दिलेल्याचा वेल चढणार, असा त्यांचा हिशेब. पुढे मला 'उंदीरवाला मास्तर' म्हणायला त्यांनी कमी केलं नाही.

भाद्रपद संपत आला होता. तो रविवार गिलक्यांच्या, म्हणजे घोसाळ्यांच्या, भर तोडीचा. अक्का विहिरीकडे मोटर बघायला गेल्या होत्या. मी मांडवाखाली गेलो तर काही गिलक्यांच्या देठाला चिंध्या. लाल, हिरवी, पिवळी, एक निळीसुद्धा. मला वाटलं, अक्कांनी घरोघरचं खास गिलकं आधीच निवडून ठेवलंय. मोजली तर सात. उरलेली चार घरं त्यांच्या लक्षात राहिली नसतील, असंही मी ठरवून टाकलं. लाल चिंधीचं गिलकं लाल टोपलीत, निळं आमच्या टोपलीत. घरी आईनं त्याची भजी केली.

पुढच्या रविवारी अक्का मांडवाखाली मान वर करून बराच वेळ हिंडल्या.

"चिंध्या कोठे गयात, मास्तर?"

मी सांगितलं. त्या बांधावर बसल्या. बियासाठी वेलावरच वाळू द्यायची म्हणून राखलेली गिलकी होती ती. अक्कांच्या आईनं त्यांच्या लग्नात पदराला बांधून दिलेलं बी. चाळीसेक वर्षं तेच चाललेलं. मागच्या आठवड्याच्या झडीनं मळ्यातल्याच नाही, गावातल्या सगळ्याच वेलांवर रोग पडला होता. पानं करपली होती, नवीन फळ धरायची आशा नव्हती.

"कशी लागनी भजी?" त्यांनी विचारलं.

बाजारातून बियाण्याचं चांगलं पाकीट आणून देतो, असं मी म्हणालो. त्यांनी नुसता हात हलवला. मग कमरेचं गाठोडं सोडून त्यातल्या चिंध्या त्या एकेक करून सरळ करत बसल्या. कोणाकोणाला बी दिलं ते आठवत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "बोदवडले जाय. नर्सबाईना कुडवर येल व्हई."

नर्सबाई पूर्वी आमच्या अकरा घरांपैकी एक. तीन वर्षांपूर्वी त्यांची बोदवडला बदली झाली होती. मी भुसावळला गाडी बदलून गेलो. वाटभर वाटत होतं, सरकारी क्वार्टरमध्ये कोण वेल जपतंय? पण दवाखान्यामागच्या तारेच्या कुंपणावर वेल होता, गर्द हिरवा. त्यात दोन गिलकी वाळत आलेली. दोन्हींच्या देठाला चिंधीऐवजी बँडेजची पट्टी.

"अक्कांनी सांगितलं होतं, पहिली चांगली गिलकी खायची नाहीत," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या. पुरती वाळली की दोन्ही घेऊन जा."

पंधरा दिवसांनी मी ती आणली तेव्हा अक्कांनी एक कानाशी धरून हलवलं. आतलं बी खुळखुळलं. दुसरं मुठीत धरून त्या घरात गेल्या. पुढच्या मृगात मांडव पुन्हा चढला. पेरून उरलेलं बी त्यांनी माझ्यासमोर वाटून टाकलं, पहिली मूठ मला.

नंतर माझी धुळ्याला बदली झाली. अक्का गेल्या, मळ्याचे प्लॉट पडले. गिलकी आता माझ्या गच्चीवर चढतात. पहिल्या चांगल्या फळांना मी चिंधी बांधतो आणि मृगात पेरून उरलेलं सगळं बी वाटून टाकतो. थोडं तरी घरात ठेवा, असं बायको दरवर्षी म्हणते. मी ठेवत नाही. उद्या कोणी चुकून सगळी गिलकी तोडली, तर कोणाकोणाच्या दारात जायचं ते मला तोंडपाठ आहे.