ह्यात मेलंय कोन?

"ह्यात मेलंय कोन?"

कवितेचं कुठलंही पुस्तक बांधणीच्या टेबलावर आलं की मावशींचा पहिला प्रश्न हाच असे. समोर छापील कागदांचा गठ्ठा, हातात घड्या दाबायची हाडाची पट्टी आणि चष्मा कपाळावर. उत्तर मिळेपर्यंत ती पट्टी कागदाला लागत नसे.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या त्या छापखान्यात नवीनच लागले होते. परतूरला शाळा आणि कॉलेज झालं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. इंग्रजीच्या सरांनी निरोपाला आपली स्वतःची डिक्शनरी मला देऊन टाकली होती, ती घेऊनच मी नवी मुंबईत आले. परदेशातल्या प्रकाशकांशी पत्रव्यवहार करायचा, नमुना प्रत तपासायची आणि काम बांधणीत पोहोचवायचं, ही माझी नोकरी. पहिल्याच दिवशी या मावशींनी मला असा प्रश्न विचारला आणि मी गडबडले.

"मावशी, मला कसं माहीत असणार?"

"तू ग्रॅज्युएट ना? मग वाच की. मी काय बांधतेय ते मला नको कळायला? कवितेचं पुस्तक हाय म्हंजे कोन ना कोन मेलेलं असनारच. त्याशिवाय मानूस एवढ्या आखूड ओळी लिवत नाय."

तेव्हापासून त्या मला 'ग्रॅज्युएट' म्हणू लागल्या. "ए ग्रॅज्युएट, चा पिलीस का?" माझ्या गावात कुणाला हे म्हणायचं सुचलं नव्हतं. मला ते चिडवणंसुद्धा आवडायचं.

त्या मूळच्या मंडणगडकडच्या. लग्न होऊन रबाळ्याला आल्या आणि तिथल्याच झाल्या. शिक्षण चौथी. बांधणीच्या टेबलावर पाच बायका होत्या, त्यांतल्या सगळ्यांत जुन्या याच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कारखान्यात त्यांचं पद काय हे कुणालाच सांगता येत नाही, पण त्या एक दिवस आल्या नाहीत तर शेठसुद्धा दोनदा दाराकडे बघतात.

त्या वर्षी आमच्याकडे एक वेगळं काम आलं. एका परदेशी प्रकाशन संस्थेला बारा भाषांतले बारा कवी छापायचे होते. दर महिन्याला एक पुस्तक, डाव्या पानावर मूळ कविता, उजव्या पानावर तिचं इंग्रजी. तीनशे प्रती, सगळ्या हाताने शिवलेल्या. शेठनी आम्हांला बोलावून स्पष्टच सांगितलं, "हे वर्ष नीट गेलं तर पुढच्या वर्षीचं काम आपल्याकडेच. नाय तर हाताची शिलाई बंद. टेबल काढून तिथे मशीन टाकतो. मला पण टेन्शन आहे."

मावशी म्हणाल्या, "शेठ, मशीनला ईचारा आधी, तिला चा करता येतो का."

सगळे हसले, शेठही हसले. पण त्या दिवशी मावशींनी टेबल ओल्या फडक्याने दोनदा पुसलं, हे मी पाहिलं.

त्या वर्षात आमच्या शेडमध्ये जग येऊन गेलं. बाहेर ट्रकांचे हॉर्न आणि आत टेबलावर पोलंड, व्हिएतनाम, टांझानिया. पोलिश पुस्तकात एक आजोबा युद्धात गेले होते. मावशी म्हणाल्या, "बरं. सावकाश घेऊ." आणि खरोखरच त्या पुस्तकाच्या घड्या त्यांनी सावकाश घातल्या.

"असं केल्यानं पुस्तकाला कळतं का, मावशी?"

"पुस्तकाला काय कळनार! हाताला कळतं."

व्हिएतनामी पुस्तक आलं तेव्हा अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा बघून त्यांनी मशीनवाल्याला हाक मारली, "अरे, अक्षरांवर माश्या बसल्यात! पुसून छाप." त्या खुणा भाषेच्याच आहेत हे मी समजावलं, तर म्हणाल्या, "मग राहू दे. त्यांच्या माश्या त्यांच्याकडं." स्वाहिली पुस्तकात म्हाताऱ्या आईची शेळी मेली होती. मला वाटलं, या हसतील. त्या हसल्या नाहीत. "शेळी पन घरातलीच असते गो," एवढंच म्हणाल्या.

अरबी पुस्तकाच्या वेळची गंमत आम्ही पुढे कितीतरी दिवस सांगत होतो. ते पुस्तक उजवीकडून उघडतं. बाकीच्या बायकांचे हात अडखळायला लागले. मावशींनी आपलं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. "आता बगा, सुलट झालं." त्या तिथूनच आठवडाभर बोलत होत्या.

आमची पद्धत अशी बसून गेली होती. मी घरी रात्रीचं जेवण झालं की डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचायची आणि सकाळी नमुना प्रत हातात घेऊन टेबलाशी उभी राहायची. कोण गेलं, कसं गेलं, मागे कोण राहिलं ते सांगायची. मग कामाला सुरुवात. मी कॉलेजात तीन वर्षं कविता शिकले, पण कविता कुणालातरी सांगण्यासाठी वाचायची असते, हे मी त्या टेबलाशी शिकले.

आठवं पुस्तक एका बेटावरच्या बाईचं होतं. भाषा पोर्तुगीज. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन पुस्तकांची कामं एकदम आली होती. मी सुरुवातीच्या चार-पाच कविता वाचल्या. त्यांत मासळीबाजार होता, भाव करणाऱ्या बायका होत्या, कुणाची तरी हरवलेली चप्पल होती. सकाळी मावशींनी विचारलं, "ह्यात मेलंय कोन?"

मी घाईत होते. नमुना प्रत माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली होती.

"कुणी नाही, मावशी. सगळे बाजारात आहेत."

"कोनीच नाय?" त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "मग बाई लिवते कशाला?"

"असंच. आनंदात असेल."

"असंल बाबा. एखादं असंल तसं पन." आणि हाडाची पट्टी कागदाला लागली.

तीन आठवड्यांनी त्या परदेशी संस्थेच्या प्रकाशक बाईंचा मेल आला. आम्ही कुरिअरने पुढे पाठवलेल्या दहा प्रती त्यांना मिळाल्या होत्या. एकच वाक्य होतं: कोरं पान कुठे आहे?

मी ड्रॉवर उघडून नमुना प्रत काढली. पुस्तकाच्या मधोमध एक पान दोन्ही बाजूंनी कोरं होतं. आता मी त्याच्या आधीची कविता वाचली. त्या बाईची मुलगी समुद्रात गेली होती, सापडलीच नव्हती. बाजारातल्या सगळ्या कविता त्या मुलीला शोधत फिरत होत्या. चप्पल तिचीच होती. आणि त्या कवितेच्या शेवटी आईने एवढंच लिहिलं होतं की पुढचं पान तिचं आहे.

मी प्रत घेऊन टेबलाशी गेले. मावशींनी पान पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"हे? हे मी कापलं."

त्यांना वाटलं होतं, मशीनवर छपाई चुकली. पानांवर आकडे नव्हते, त्यामुळे मधलं पान गेलं तरी कळणार नव्हतं. पुन्हा छापायला तो कागद शिल्लक नव्हता, मशीनवाल्याला बोलणी बसली असती आणि शेठचं वर्ष वाया गेलं असतं. म्हणून पुस्तकं शिवून झाल्यावर त्यांनी कुणाला न सांगता प्रत्येक प्रतीतलं ते पान कापून काढलं. त्याच कागदाचं जोडीचं पान सुटू नये म्हणून शिवणीजवळ बोटभर कड ठेवली होती. काम इतकं सफाईचं होतं की माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं.

"का गो? काय होतं त्या पानात?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"पोरीचं पान कापलं मी," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी कागदावरून हात फिरवला. "तू बोल्लीस, सगळे बाजारात हायत."

त्या एवढंच म्हणाल्या, पुन्हा कधीही नाही. पण मला ते अजून ऐकू येतं.

दुपारी शेठच्या केबिनमध्ये व्हिडिओ कॉल लागला. स्क्रीनवर पिकलेल्या केसांच्या त्या प्रकाशक बाई, इकडे शेठ, मावशी आणि मी. शेठ मला म्हणाले, "कोणाची चूक ते नंतर बघू. आधी सॉरी बोल." दाराबाहेर चारही बायका उभ्या होत्या. टेबल राहणार की जाणार, हे आता ठरणार होतं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे सरकल्या आणि स्क्रीनकडे बघून मराठीत बोलू लागल्या, "बाई, पान मी कापलं. माझ्या हातानं. ह्या पोरीचा काय संबंध नाय. मला इंग्रजी वाचता येत नाय, मी ईचारलं नाय, कापलं. ह्या बाकीच्या बायकांना पन म्हाईत नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सांग तिला, जसंच्या तसं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आपण विचारलंच नाही, असं त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं असतं, तर माझी नोकरी सुरक्षित होती. शेठना इंग्रजी येत होतं, पण त्या सकाळचं काहीच माहीत नव्हतं. डिक्शनरी देणारे सर मला त्या वेळी का आठवले कुणास ठाऊक.

मी त्या बाईंना सांगितलं की मावशी प्रत्येक पुस्तकाआधी विचारतात, यात कोण गेलं. याही वेळी विचारलं होतं. मी पुस्तक न वाचता उत्तर दिलं की कुणी नाही. कुणी गेलेलं नसेल, तर कोरं पान ही छपाईचीच चूक. त्यांनी बरोबर केलं, चुकले ते मी.

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. स्क्रीनवरच्या बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "ती प्रत्येक पुस्तकाला हे विचारते?"

"प्रत्येक."

"काय बोलते ती?" मावशींनी माझा दंड धरला.

"विचारतात, तुम्ही खरंच असं विचारता का."

"हो म्हन. आनि सांग, कापलेली पानं माझ्याकडं हायत. मी कोरा कागद टाकत नाय. कड पन ठेवलीय. परत लावून देते."

खरंच, कापलेली पानं सुतळीने बांधून टेबलाखाली ठेवलेली होती. वस्तीतल्या मुलांना वह्या शिवून द्यायला त्या असा कागद जमवत. प्रकाशक बाईंनी चार दिवसांची मुदत दिली. पाचही जणींनी मिळून दोनशे नव्वद प्रती उघडल्या आणि एकेक पान त्या बोटभर कडेवर खळ लावून परत बसवलं. पहिली प्रत मावशींनी मला दाखवली. पान कडेवर चढवून चिकटवल्यामुळे बाकीच्या पानांपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं आखूड झालं होतं. अंगठ्याने पुस्तक भराभर चाळलं की ते पान निसटून जाई. एकेक पान उलटणाऱ्यालाच ते सापडे.

"दिसतंय का गो चुकल्यासारखं?" त्यांनी काळजीने विचारलं.

मी ते न लपवता प्रकाशक बाईंना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की असंच राहू द्या. आणि आधी आलेल्या दहा प्रतीही तशाच राहू देत, त्या मी कवयित्रीला स्वतः नेऊन देईन आणि काय झालं ते सांगेन.

शेठ दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते बरोबरच होतं. पण वर्ष संपताना पुढच्या वर्षाची यादी आली, दहा भाषांची. टेबल राहिलं. त्या दिवशी शेठनी स्वतः चहा सांगितला. मावशी म्हणाल्या, "बगा, मशीन असती तर तिला पाजला असता का?"

बारावं पुस्तक मराठी होतं. ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा खाली केला आणि बोट फिरवत एक कविता स्वतः वाचली. खूप वेळ लागला. मग म्हणाल्या, "हे तर मला समजतंय. मग ही कविता कशी?" सगळ्या हसल्या. पण जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्याच ते पुस्तक घेऊन खिडकीशी बसल्या होत्या आणि डब्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दुखणं त्यांनी अंगावर काढलं. आम्हांला कळलं तेव्हा उशीर झाला होता. नव्या वर्षाचं पहिलं पुस्तक यायच्या आधीच त्या गेल्या. रबाळ्याच्या विहारात जलदान विधी झाला. आम्ही सगळे गेलो होतो, शेठही. त्यांच्या मुलाने माझ्या हातात एक छोटी वही ठेवली. "आईने तुमच्यासाठी शिवली होती. ग्रॅज्युएटला द्या म्हणाली."

उघडून पाहिली. दहाच पानं. दहा प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या, त्यांची उरलेली दहा कोरी पानं.

नवं पुस्तक आलं. त्यांच्या जागेवर आता दुसऱ्या एक बाई बसतात. हात चांगला आहे. गठ्ठा आला तशी त्यांनी पट्टी उचलली आणि घडी घालायला घेतली. मी म्हटलं, "जरा थांबा ताई." आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, की यात एका माणसाचा भाऊ गेला आहे, कसा गेला, मागे कोण राहिलं. त्या माझ्याकडे आश्चर्याने बघत होत्या. उरलेल्या चौघी बघत नव्हत्या. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

हे सगळं मी त्याच वहीत लिहिलं आहे. अक्षर बारीक काढलं, तरी नऊ पानं भरली. ही वही त्यांच्या टेबलावर ठेवली असती, तर चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी विचारलंच असतं. मी या वेळी घाई केली नसती.

दहावं पान मी कोरं ठेवलं आहे.